गळ्यातील ग्रंथी आणि ताटातील पोळी



इंदूरच्या अन्नपूर्णा भागात राहणाऱ्या माणसाने अन्न कमी करण्याविषयी बोलावे, हे ऐकूनच कित्येकांना हसू येईल. आमच्या वस्तीला नाव मिळाले ते देवीच्या मंदिरावरून. आणि ही देवी तर साक्षात शंकराच्या झोळीत अन्न वाढणारी. मंदिराकडून घरी परतताना सकाळच्या वेळी पोहे-जिलबीचा दरवळ अंगावर येतो. संध्याकाळी भुट्ट्याचा कीस आणि साबुदाण्याची खिचडी आपली वाट पाहत असतात. अशा गावात भात, पोळी आणि साखर यांवर नियंत्रण ठेवणे हे सोपे काम नव्हे.

तरीही आज या विषयावर बोलावयाचे ठरविले, त्याला एक कारण घडले. आमच्या शेजारच्या काकू गेली काही वर्षे थायरॉईडची गोळी घेतात. मलाही तोच विकार आहे, म्हणून आम्हा दोघींचे बोलणे पुष्कळदा त्यावरच येते. एके दिवशी त्या मोठ्या उत्साहाने म्हणाल्या, "बाई, भात-पोळी बंद केली नि पाच किलो वजन उतरलं. आता गोळीही सोडून दिली आहे. तीन आठवडे झाले, काही त्रास नाही!" त्यांचा आनंद पाहून मला आनंद वाटण्याऐवजी काळजीच वाटली. मी डॉक्टर नाही, शाळेत मुलांना शिकविणारी एक शिक्षिका आहे. परंतु स्वतःच्या दुखण्यापायी जे वाचले, विचारले आणि अनुभविले, ते आपणांपुढे ठेवावे असे वाटते.

प्रथम या ग्रंथीची ओळख करून घेऊ या. गळ्याच्या पुढील भागात, श्वासनलिकेला लगटून, फुलपाखराच्या आकाराची एक लहानशी ग्रंथी असते. तिला मराठीत अवटु ग्रंथी म्हणतात. अन्नातील आयोडीन घेऊन ती मुख्यतः थायरॉक्सिन, म्हणजेच टी-फोर, नावाचा स्राव तयार करते. यकृतादी अवयवांत त्याचे रूपांतर टी-थ्री या अधिक प्रभावी स्रावात होते. शरीराची ऊब, हृदयाची गती, आतड्यांची हालचाल, मनाची तरतरी, हे सर्व या स्रावाच्या मात्रेवर अवलंबून असते. स्राव कमी पडला की मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी टी.एस.एच. हा स्राव अधिक सोडून जणू चाबूक उगारते. म्हणूनच रक्तातील टी.एस.एच. वाढलेला दिसला की अवटु ग्रंथी थकली आहे, असे डॉक्टर ओळखतात.

ही ग्रंथी थकते कशाने? पूर्वी आपल्या देशात त्याचे मोठे कारण आयोडीनची उणीव हे होते. त्यासाठीच १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे घरोघरी आयोडीनयुक्त मीठ पोहोचले. आता मात्र दुसरेच कारण पुढे आले आहे. १९१२ साली हाकारू हाशिमोतो या जपानी शल्यचिकित्सकाने चार स्त्रियांच्या गलगंडांचे वर्णन एका जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्या ग्रंथींत पांढऱ्या पेशींची गर्दी झालेली त्याला आढळली होती. त्याचा अर्थ उलगडावयास चव्वेचाळीस वर्षे लागली. १९५६ साली लंडनमध्ये रॉइट, डोनियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, अशा रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडे असतात. घराच्या पहारेकऱ्याने घरच्याच माणसाला चोर समजावे, तसा हा प्रकार. आपल्या देशातील आठ शहरांत, मुंबई आणि गोवा यांसह, पाच हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी झाली आणि तिचा वृत्तान्त २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे अकरा टक्के व्यक्तींना अवटु-न्यूनता आढळली, आणि साधारण पाचांत एकाच्या रक्तात अशी प्रतिपिंडे होती. तेव्हा हा विकार आपल्या घरापासून फार दूर नाही.

आता आहाराकडे वळू. पिष्टमय व गोड पदार्थ कमी करण्याची कल्पना आजची नव्हे. १८६३ साली लंडनच्या विल्यम बँटिंग या स्थूल गृहस्थाने पाव, साखर, बटाटे सोडून आपण कसे बारीक झालो, याचे वर्णन एका पुस्तिकेत केले होते. १९२१ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. रसेल वाइल्डर यांनी अपस्माराच्या रुग्णांसाठी फारच थोडी कर्बोदके व पुष्कळ स्निग्ध पदार्थ असलेला आहार सुचविला. योगायोग असा की, याच संस्थेत १९१४ सालच्या नाताळच्या दिवशी एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे केले होते.

अशा आहाराने वजन उतरते आणि रक्तातील साखर आटोक्यात येते, हे खरे आहे. मात्र पहिल्या एक-दोन आठवड्यांत जे झपाट्याने उतरते, त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. यकृतात व स्नायूंत साठविलेल्या साखरेबरोबर पाणीही साठलेले असते. साठा संपला की तेही जाते. हाशिमोतोचा विकार या आहाराने बरा होतो काय, या प्रश्नाचे उत्तर मात्र होकारार्थी देता येत नाही. या विषयावरील अभ्यास थोडे आणि थोड्या लोकांवर झालेले आहेत. ज्या पेशी नष्ट झाल्या, त्या पोळी सोडल्याने परत येत नाहीत. त्यांचे काम गोळीलाच करावे लागते.

उलट, एक गोष्ट १९७०च्या दशकातील प्रयोगांपासून ठाऊक आहे. उपासमार झाली किंवा कर्बोदके अगदीच तोडली की रक्तातील टी-थ्रीचे प्रमाण खाली येते. अन्न कमी झाले आहे, तेव्हा खर्चही कमी करावा, असा तो शरीराचा काटकसरीचा मार्ग असतो. हा ग्रंथीचा विकार नव्हे, आणि बहुधा टी.एस.एच. त्यामुळे वाढतही नाही. परंतु माणसाला थकवा आणि थंडी जाणवू शकते.

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. माझे माहेर वसईचे, म्हणजे भाताशिवाय जेवण पुरे न होणारे. पण वजन वाढले म्हणून मी एका पावसाळ्यात भात, पोळी, फळे, डाळी सर्वच एकदम बंद केले. दीड महिन्यात हातपाय गार पडू लागले, केस गळू लागले आणि तिसऱ्या तासालाच मी खुर्ची शोधू लागले. आजार बळावला, गोळी वाढवावी लागणार, अशी माझी खात्री झाली. तपासणीत टी.एस.एच. योग्य निघाला. डॉक्टरांनी ताटात काय असते ते विचारले आणि म्हणाले, "तुमची गोळी बरोबर आहे, जेवणच पुरेसे नाही." आजाराची आणि अर्धपोटी राहण्याची लक्षणे इतकी सारखी असतात की, रक्ताच्या तपासणीशिवाय त्यांतील भेद कळत नाही.

मग मध्यम मार्ग कोणता? शंभर ग्रॅम कोरड्या तांदळात सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदके असतात, पोह्यांत जवळजवळ तितकीच, आणि साबुदाण्यात ८५हूनही अधिक. म्हणजे उपवासाची खिचडी ही या दृष्टीने उपवास नव्हेच! ज्वारी-बाजरी गव्हापेक्षा हलकी मानून तिच्या तीन भाकरी खाणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे की, त्यांतही ६०हून अधिक ग्रॅम असतातच. म्हणून मी धान्य सोडले नाही, त्याचे माप कमी केले. एक पोळी किंवा लहान वाटीभर भात, सोबत दाट वरण किंवा उसळ, पालेभाजी, दही, पनीर, मिळेल तेव्हा अंडे किंवा मासळी, आणि मूठभर शेंगदाणे. साखर व जिलबी सणापुरती.

आता काही सावधगिरीच्या सूचना. गोळी सकाळी उपाशी पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी, आणि चहा-कॉफी किंवा न्याहारी त्यानंतर अर्धा ते एक तासाने. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने घ्याव्यात, कारण त्या थायरॉक्सिनचे शोषण अडवितात. भाताऐवजी फुलकोबी किसून खाण्याची नवी रीत आली आहे. शिजविलेली फुलकोबी बेताने खाल्ल्यास भय नाही. मीठ आयोडीनयुक्तच असावे, पण समुद्री शेवाळाच्या गोळ्या घेऊन आयोडीनचा मारा करू नये. त्याने हा विकार वाढू शकतो. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीपूर्वी डॉक्टरांना सांगावे, त्याने आकडे फसवे येतात. गव्हातील ग्लुटेन न सोसण्याचा सीलिअॅक हा विकार हाशिमोतोच्या रुग्णांत इतरांपेक्षा अधिक आढळतो. त्याची शंका असल्यास गहू सोडण्यापूर्वीच तपासणी करून घ्यावी, कारण सोडल्यानंतर ती उणी येऊ शकते.

गर्भवती भगिनींनी हा प्रयोग करूच नये. त्या काळात बाळाच्या मेंदूच्या वाढीसाठी थायरॉक्सिनची गरज वाढते आणि गोळीची मात्राही बहुधा वाढवावी लागते. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, तसेच मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याविना आहार बदलू नये.

आणि काकूंचे काय? गोळी सोडून तीन आठवडे त्रास झाला नाही, याचे कारण सरळ आहे. थायरॉक्सिन शरीरात सावकाश उतरते; त्याचे प्रमाण निम्मे व्हावयास सुमारे सात दिवस लागतात. म्हणजे काकू इतके दिवस जुन्या गोळ्यांच्या शिल्लक पुंजीवर चालत होत्या. हे मी त्यांना समजावून सांगितले, तेव्हा त्या जरा रागावल्या. पण दुसऱ्या दिवशी तपासणीला गेल्या. टी.एस.एच. चांगलाच चढलेला निघाला. गोळी पुन्हा सुरू झाली. डॉक्टरांनी वजन उतरविल्याबद्दल त्यांचे कौतुकच केले आणि सांगितले की, वजन कमी झाल्यास गोळीची मात्रा पुढे थोडी उतरूही शकेल. मात्र ती दीड-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासून, आपल्या मनाने नव्हे.

आता काकू सकाळी देवळात जाण्यापूर्वी गोळी घेतात. तेथून परत येईतो एक तास होतो, आणि मग त्या न्याहारीला बसतात. बशीत पोहे असतात, पण पूर्वीच्या निम्मे. उरलेल्या जागी मोड आलेले मूग. ताटातील माप आपल्या हाती आहे, ते आपण जरूर सांभाळावे. गोळीचे माप मात्र तपासणीवर सोपवावे, एवढेच आज सांगावयाचे होते.