चोरीचा आळ आणि रुग्णसेविका : तपासाचा कायदा काय सांगतो?

सकाळी आंघोळीच्या वेळी काढून ठेवलेल्या आजींच्या पाटल्या संध्याकाळी जागेवर सापडत नाहीत. कपाट, गाद्या, देवघर सारे धुंडाळून झाल्यावर घरातील मंडळींची नजर एकाच व्यक्तीकडे वळते. बारा तासांच्या पाळीवर आलेल्या रुग्णसेविकेकडे. आधी तिची पिशवी तपासली जाते, मग ब्युरोला दूरध्वनी जातो आणि रात्री पोलीस ठाण्यातून तिला बोलावणे येते. देशातील मोठ्या शहरांत थोड्याफार फरकाने असेच प्रसंग घडत असतात.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील नागरिकांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती. मुले परगावी किंवा परदेशी आणि घरात अंथरुणाला खिळलेले आई-वडील, अशा कुटुंबांचा भार आज केरळ, ओडिशा, झारखंड, ईशान्येकडील राज्ये किंवा मराठवाडा-विदर्भातून शहरात आलेल्या या स्त्रियांवर आहे. औषध देणे, कूस बदलणे, जेवण भरवणे या कामांबरोबरच कपाटाची किल्ली, बँकेचे कार्ड आणि रुग्णाचा मोबाईलही अनेकदा त्यांच्याच हाती असतो. विश्वासाखेरीज हे काम होत नाही. आणि काही हरवले की त्याच विश्वासावरून संशय सुरू होतो. चोऱ्या होतच नाहीत असे नव्हे. अंथरुणावरील असहाय वृद्धांना लुबाडल्याची प्रकरणे न्यायालयांत गेली आहेत आणि शिक्षाही झाल्या आहेत. मात्र आळ खरा की खोटा हे ठरण्यापूर्वीच सेविकेचे काम आणि पगार जातो व ज्या घरात ती राहत होती तो निवाराही जातो, ही या प्रश्नाची दुसरी बाजू आहे.

घरातील चोरी ही साधी चोरी नाही

१ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३ नुसार साध्या चोरीसाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. राहत्या घरातील चोरी मात्र कलम ३०५ खाली, तर नोकराने मालकाच्या ताब्यातील वस्तूची केलेली चोरी कलम ३०६ खाली येते. दोन्हींत सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद असून गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. रुग्णाचे कार्ड वापरून पैसे काढल्याचा आरोप असेल, तर नोकराने केलेल्या विश्वासघाताचे कलम ३१६ ही लावले जाते.

मालकाने चांदीची भांडी सांभाळण्यास दिली आणि नोकर ती घेऊन पळाला, हे चोरीचे उदाहरण १८६० च्या कायद्यात होते व नव्या संहितेतही ते तसेच ठेवण्यात आले आहे. एवढ्या काळात घरातील चाकरीचे स्वरूप पुष्कळ बदलले. ब्युरोमार्फत आलेल्या सेविकेचा मालक नेमका कोण, घरमालक की ब्युरो, हा प्रश्न कलम ३०६ लावताना बचाव पक्षाला उपस्थित करता येतो. नेमणूकपत्र बहुधा नसतेच, त्यामुळे त्याचे उत्तरही सहज मिळत नाही. कलम ३०५ ला मात्र अशी अडचण येत नाही. त्याला राहते घर पुरेसे आहे.

चोरी सिद्ध होण्यासाठी वस्तू मालकाच्या संमतीशिवाय आणि अप्रामाणिक हेतूने हलवलेली असावी लागते. म्हणूनच आजोबांनी आपखुशीने दिलेली अंगठी किंवा साडीसाठी दिलेले पैसे ही चोरी नव्हे. पंचाईत अशी की, अशी देणगी देणारी व्यक्ती बहुधा आजारी असते, साक्षीदार कोणी नसतो आणि रुग्णाच्या निधनानंतर दागिन्यांची मोजदाद सुरू झाल्यावर वारसांना तीच वस्तू चोरीची वाटू लागते. भेट स्वीकारताना घरातील दुसऱ्या व्यक्तीला सांगून ठेवणे किंवा ब्युरोला कळवणे, ही दक्षता त्यासाठीच.

बोलावणे आणि अटक

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यास पोलिसांनी प्रथम खबरी अहवाल नोंदवलाच पाहिजे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिताकुमारी प्रकरणात दिला. गुन्हा नोंदवला म्हणजे लगेच अटक करायची, असा त्याचा अर्थ नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक का आवश्यक आहे याची कारणे पोलिसांनी लिहून ठेवली पाहिजेत, असे न्यायालयाने २०१४ च्या अर्नेशकुमार निकालात स्पष्ट केले. घरातील चोरीचा गुन्हा या मर्यादेत बसतो.

अटकेची गरज नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली हजर राहण्याची लेखी नोटीस दिली जाते. तिचे पालन करणाऱ्या व्यक्तीला लेखी कारणांखेरीज अटक करता येत नाही. नोटीस टाळली तर अटकेचा मार्ग मोकळा होतो. ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून भागणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावले. ‘जरा ठाण्यात येऊन जा’ हा तोंडी निरोप नोटीस ठरत नाही.

केवळ साक्षीदार म्हणून चौकशी करायची असेल तर स्त्रीला तिच्या निवासस्थानाबाहेर बोलावता येत नाही. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करण्यास मनाई आहे. अपवादात्मक परिस्थितीत महिला पोलीस अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेऊनच ती करावी लागते. अटक केलेल्या स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, सभ्यता पाळून घ्यायची असते. घरमालकाला असा झडतीचा अधिकार मुळीच नाही. पाटल्या सापडेपर्यंत तिला खोलीत कोंडून ठेवणे हा तर स्वतंत्र गुन्हा आहे.

घरात लिहून घेतलेली चिठ्ठी

तपासात सर्वाधिक घोळ होतो तो कबुलीजबाबाचा. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, असे भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम २३ सांगते. पोलीस कोठडीत दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू खरोखर सापडली, तर माहितीचा तेवढाच भाग ग्राह्य धरला जातो. तपासात नोंदवलेल्या जबाबावर तो देणाऱ्याची सही घेऊ नये, असाही नियम आहे. सत्यशोधन चाचणी संमतीशिवाय करता येत नाही, हे २०१० च्या सेल्वी निकालाने ठरवून दिले.

हे संरक्षण पोलिसांपुरते आहे, हे मात्र अनेकींच्या ध्यानात येत नाही. ‘लिहून दे, मग पोलिसांत जात नाही’ असे म्हणून घरमालकाने किंवा ब्युरोने घेतलेली माफीची चिठ्ठी न्यायालयाबाहेरची कबुली म्हणून पुढे आणली जाऊ शकते. असा पुरावा कमकुवत मानला जातो हे खरे; तरी धमकी देऊन किंवा आमिष दाखवून तो मिळवला हे दाखवण्याची धडपड अखेर सेविकेलाच करावी लागते. पगारातून रक्कम कापून ‘प्रकरण मिटवण्या’चेही तसेच. ज्या तडजोडीने त्या दिवशी सुटका होते, तिचाच पुढे गुन्हा मान्य केल्याचा अर्थ लावला जातो.

विसरलेल्या दागिन्यांचा शोध

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांमध्ये ‘माझी वस्तू चोरली’ हा भ्रम नेहमी आढळतो. रुग्ण दागिना सुरक्षित राहावा म्हणून उशीच्या अभ्र्यात, तांदळाच्या डब्यात किंवा जुन्या चपलेत ठेवतो, ठेवल्याचे विसरतो आणि सतत जवळ असणाऱ्या माणसावर आळ घेतो. तो खोटे बोलत नसतो. त्याच्या दृष्टीने चोरी खरोखरच झालेली असते, म्हणूनच त्याचे सांगणे ऐकणाऱ्याला पटते. आळ कधी सुनेवर येतो, कधी मुलीवर. पण पोलिसांपर्यंत पोहोचतो तो बहुधा सेविकेवरचा.

अशा घरी तपासाची सुरुवात रुग्णाच्या वैद्यकीय कागदपत्रांपासून व्हायला हवी. वस्तू शेवटची कोणी आणि केव्हा पाहिली, पूर्वी अशा वस्तू हरवून सापडल्या होत्या काय, त्या दिवशी घरी आणखी कोण आले होते, हे प्रश्न सेविकेच्या झडतीइतकेच महत्त्वाचे आहेत. अतिवृद्धत्व वा आजारामुळे प्रश्न समजत नसतील, तर अशी व्यक्ती साक्ष देण्यास सक्षम नाही असे न्यायालय ठरवू शकते. घरातील कॅमेऱ्याचे चित्रण असल्यास निवडक तुकड्यावर न थांबता ते संपूर्ण मागवणे सेविकेच्याही हिताचे असते.

चोरीनंतर लगेच चोरीचा माल एखाद्याकडे सापडला आणि त्याचा खुलासा झाला नाही, तर न्यायालय त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकते. काहीच सापडले नसेल, तर ‘घरात तीच होती’ एवढ्यावर गुन्हा सिद्ध होत नाही. पुण्यातील घटनेवरून उद्भवलेल्या शरद बिरधीचंद सारडा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या घालून दिल्या. संशय कितीही बळकट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, हे त्यात अधोरेखित झाले.

वकील आणि नंतरची कागदपत्रे

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रियांना आणि कोठडीतील व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका किंवा जिल्हा विधी सेवा कार्यालयात, अथवा १५१०० या दूरध्वनी क्रमांकावर त्यासाठी संपर्क साधता येतो. चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क आहे, मात्र तो पूर्णवेळ शेजारी बसेल असे नाही. अटकेची भीती असल्यास सत्र किंवा उच्च न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो. अटक झाली तर चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणे बंधनकारक आहे आणि साठ दिवसांत दोषारोपपत्र दाखल न झाल्यास जामीन हा हक्क ठरतो.

पुष्कळदा दागिना आठवड्याने घरातच सापडतो. घरमालक ठाण्यात तसे कळवतो आणि सर्वांच्या लेखी प्रकरण संपते. कायद्याच्या लेखी ते तेव्हा संपत नाही, कारण नोंदवलेला गुन्हा तक्रारदाराच्या सांगण्यावरून पुसला जात नाही. महाराष्ट्रात पोलीस अशा वेळी दंडाधिकाऱ्यांकडे समरी अहवाल पाठवतात. गुन्हा खरा पण छडा लागला नाही तर ‘अ’, फिर्याद जाणूनबुजून खोटी असेल तर ‘ब’ आणि गैरसमजातून दिलेली असेल तर ‘क’. पाटल्या उशीत सापडल्या असतील तर अहवाल ‘क’ वर्गात जातो. हेतुपुरस्सर खोटी फिर्याद देणाऱ्यावर कारवाईची तरतूद आहे, पण गैरसमजाने दिलेल्या फिर्यादीला ती लागू होत नाही. बुडालेल्या पगाराची मागणी सेविकेला वेगळीच करावी लागते.

समरी मंजूर झाल्याच्या आदेशाची प्रमाणित प्रत न्यायालयातून अर्ज करून मिळते. पुढच्या घरी काम धरताना ब्युरो चारित्र्य पडताळणी मागतो आणि जुन्या गुन्ह्याची नोंद तिथे पुढे येऊ शकते. त्या वेळी दाखवण्यासाठी ही प्रत तिच्याजवळ असावी लागते.