दसऱ्याच्या पाटावरचं पिस्तूल

आमच्या घरी दसऱ्याला पाटावर कोयता, विळा, माझा व्हर्नियर आणि एक पिस्तूल एवढ्या गोष्टी मांडल्या जायच्या. पिस्तूल काकांचं. कान्होजी आंगऱ्यांच्या पदरी आमचा कोणी पूर्वज होता, त्याला ते बक्षीस मिळालं, असं काका सांगत. "परवाना?" म्हणून विचारलं तर हसायचे. पूजेच्या वस्तूला कसला परवाना!

काका गेले आणि चामड्याच्या पिशवीसकट ते पिस्तूल माझ्याकडे आलं. रोह्याजवळच्या धाटावच्या औद्योगिक वसाहतीत मी चौतीस वर्षं फिटर होतो. लोखंडाची गोष्ट कोणी सांगितली की आधी माप घ्यावंसं वाटतं. एवढी वर्षं काकांपुढे ते जमलं नव्हतं.

वस्तू तळहाताएवढी. एकच नळी, अक्रोडाच्या लाकडाची मूठ आणि वरच्या बाजूला घोडा. चाप दिसतच नाही, तो पोटात मिटलेला असतो. घोडा मागे ओढला की चाप खाली येतो. खिशातून काढताना कपड्यात अडकू नये म्हणून केलेली ही सोय. आमच्याकडे रानडुकरांसाठी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका असतात, त्यांचंच हे खिशातलं भावंड. घुंडीवर तांब्याची टोपी, म्हणजे आपल्याकडची केप, बसवायची. घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी आत जाऊन दारू पेटते.

नळीत काही उरलंय का, हे आधी पाहायला हवं होतं. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनंतरही पेटते. तोंड भिंतीकडे ठेवून केरसुणीची हीर नळीत घातली, तोंडापाशी पेनाने खूण केली आणि तीच हीर बाहेरून नळीला लावून पाहिली. नळी रिकामी असती तर हिरीचं टोक घुंडीपर्यंत पोचलं असतं. ते दोन सेंटिमीटर अलीकडेच थांबलं. म्हणजे आत काहीतरी होतं. हीर बाहेर काढली, पिस्तूल पाटावर ठेवलं, मुलांना मागच्या दारी पाठवलं आणि पोलीस ठाण्यात गेलो. हात हलवत गेलो, पिस्तूल घरीच ठेवून. असली वस्तू पिशवीत घालून एसटीने नेणं म्हणजे स्वतःच आरोपी व्हायची तयारी.

ठाण्यातून शस्त्रांचा जाणकार हवालदार आला. अशा पिस्तुलांची नळी आट्यांवर फिरवून काढता येते. दारू आणि गोळी मागून भरायची, मग नळी परत आवळायची. गंजाने आटे जाम झाले होते. रॉकेल टाकून तासभर वाट पाहिली, तेव्हा कुठे ती सुटली. आतून निघालं कुंभारीण माशीचं मातीचं घर, वाळून टणक झालेलं. हवालदार हसला. मी हसलो नाही, माझे हात अजून थरथरत होते.

पंचनामा चालू असताना भिंगातून पाहायची परवानगी मिळाली. काकी दर दसऱ्याला हे पिस्तूल तांब्याच्या भांड्यांसारखं चिंचेने घासायची. म्हणून पोलादावरची अर्धी खूण गेलेलीच. उरलेल्या अर्ध्या खुणेत मात्र कित्येक वर्षांचं कुंकू दडपून बसलं होतं, आणि त्या लालीमुळेच अक्षरं वाचता आली. लंबगोलात ई, एल, जी. बेल्जियममधल्या लिएज शहराच्या तपासणी केंद्राचा हा शिक्का. तिथे प्रत्येक नळीत जास्त दारू भरून बार काढत आणि ती फुटली नाही तरच शिक्का मारत. 1893 पासून या लंबगोलावर मुकुट यायला लागला. आमच्या शिक्क्याचा वरचा भाग सुदैवाने शाबूत आहे, आणि तिथे मुकुट नाही. म्हणजे नळी त्याआधीची.

आता आंगऱ्यांचं. कान्होजी 1729 मध्ये वारले. ठिणगीसाठी आपटून पेटणारं रसायन वापरायची युक्ती अलेक्झांडर फॉर्साइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने 1807 मध्ये पेटंट केली आणि तांब्याच्या टोप्या त्याहीनंतरच्या. कान्होजींनी हे पिस्तूल बक्षीस द्यायचं तर आणखी शंभर वर्षं जगायला हवं होतं. लिएजमध्ये असली खिशातली पिस्तुलं ढिगाने बनत आणि जगभर स्वस्तात विकली जात. आमचं त्यातलंच एक. काकी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पुतण्याने लगेच दुसरी कथा काढली. हे क्रांतिकारकांचं असणार! त्यालाही नाही म्हणावं लागलं. 21 डिसेंबर 1909 ला नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलं ते ब्राउनिंग, काडतुसांचं, आपोआप भरणारं. क्रांतिकारकांसाठी चतुर्भुज अमीन यांनी लंडनहून आणलेल्या वीस पिस्तुलांतलं ते. आमचं एकबारी. अब्राहम लिंकनना 14 एप्रिल 1865 ला गोळी लागली ती असल्याच एकबारी, टोपीच्या, खिशातल्या पिस्तुलातून. ते ऐकून पुतण्या जरा खूश झाला. मग म्हणाला, परदेशी गिऱ्हाइकाला विकू या. तेही नाही. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याने खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही.

कायद्याची बाजू मला सगळ्यांत अवघड गेली. व्हाइसरॉय लिटनच्या 1878 च्या कायद्यापासून आपल्याकडे शस्त्राला परवाना लागतो, आज 1959 चा कायदा लागू आहे. त्याच्या कलम 45 मध्ये जुन्या, कालबाह्य शस्त्रांना सूट आहे, पण ती दुरुस्त करूनही चालणार नसतील तरच. फेब्रुवारी 2020 मध्ये नियम बदलले. 'क्युरिओ' वर्गात बसणारं छोटं शस्त्र घरी ठेवायला परवाना लागत नाही, वापरायला आणि बाहेर न्यायला लागतो. आपली वस्तू कुठल्या वर्गात बसते हे मात्र आपण माजघरात बसून ठरवू नये. आमच्या घोड्याची स्प्रिंग अजून कडक आहे, म्हणून मी अर्ज केलाय, जिल्ह्याच्या ठिकाणी, अलिबागला.

जपणुकीबाबत माझ्या चुका सांगून ठेवतो. चामड्याची पिशवी कोकणातल्या पावसात ओल धरते, गंज तिथूनच लागला. काका खोबरेल चोळायचे, ते खवट होतं. मशीनचं पातळ तेल आणि सुती फडकं पुरतं. चकाकी आणायला घासू नका, शिक्का गेला की वस्तूची ओळख गेली. आणि गंमत म्हणून रिकामा घोडा आपटू नका, घुंडी चेपते.

रोह्याला ग्रामदैवत धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस बंदुका घेऊन मानवंदना देतात. तिथे दर वर्षी जाणाऱ्या किती घरांच्या माळ्यावर असलं काही पडून असेल, देव जाणे. तुमच्याकडे असेल तर घोड्याला हात लावू नका, मुलांच्या हाती देऊ नका. जवळच्या ठाण्यात आधी लेखी कळवा, रिकाम्या हाताने जाऊन. मी तसंच केलं, आणि मला कोणी कोठडीत टाकलं नाही. पिस्तूल सध्या ठाण्यात जमा आहे, त्याची पावती देवघरात.