बिबट्याचे गाव सांगणारी चिप

जुन्नर : शर्यतीच्या कबुतराच्या पायातील बंद कडे पिल्लू काही दिवसांचे असतानाच चढविता येते. त्यावरील वर्ष व क्रमांकावरून पक्ष्याचे मूळ कळते. जुन्नर, आंबेगावच्या ऊसपट्ट्यात पिंजऱ्यात सापडणाऱ्या बिबट्यांच्या बाबतीत हेच काम मायक्रोचिप करते.

तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप बेशुद्ध केलेल्या बिबट्याच्या शेपटीच्या मुळाशी, कातडीखाली सुईने बसविली जाते. तिच्यात बॅटरी नसते. त्यामुळे बिबट्या कोठे फिरतो, हे ती सांगत नाही. वाचक यंत्र जवळ नेल्यावर केवळ एक क्रमांक उमटतो. पकडल्याचे गाव, तारीख आणि सोडल्याचे ठिकाण त्या क्रमांकापुढे नोंदलेले असेल, तरच त्याला अर्थ येतो.

ही नोंद महत्त्वाची का, याचे उत्तर जुन्नरच्याच इतिहासात आहे. २००१ पासून येथे मानवी वस्तीजवळ पकडलेले बिबटे जंगलात नेऊन सोडण्याची मोठी मोहीम झाली. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २९ बिबटे सरासरी ३९.५ किलोमीटर अंतरावर सोडण्यात आले. १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते. मोहिमेनंतर ही सरासरी १७ वर गेली. बिबट्या हलविल्याने प्रश्न सुटत नाही, उलट चिघळू शकतो, असा या अभ्यासाचा निष्कर्ष होता.

सोडलेला बिबट्या तेथेच राहतो, हा समजही 'आजोबा'ने खोटा ठरविला. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीतून काढलेल्या या बिबट्याला जीपीएस कॉलर बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. सुमारे १२० किलोमीटर चालून तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. पुढे कॉलरचे संदेश थांबले. डिसेंबर २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेत एक बिबट्या मरण पावला. तो आजोबाच होता, हे चिपमुळेच समजले.

हल्ला झाला की पिंजरा लावण्याची आणि बिबट्या लांब नेण्याची मागणी होते. घरातले माणूस गमावलेल्या गावाचा तो आक्रोश समजण्याजोगा आहे. चिप हल्ला रोखत नाही, हल्लेखोर कोण हेही सांगत नाही. मात्र पिंजऱ्यातील जनावर यापूर्वी पकडून सोडलेले आहे का, हे ती सांगते. ही नोंद नसेल, तर एका गावाचा प्रश्न दुसऱ्या गावाच्या शिवारात जाऊन पडला, तरी कोणाला कळत नाही.