शनिवारची बैठक : भोपाळच्या बायांनी आठवण कशी जपली



२ डिसेंबर हा दिवस आपल्याकडे राष्ट्रीय प्रदूषण नियंत्रण दिन म्हणून पाळतात. शाळेत चित्रकलेची स्पर्धा होते, एखादं भाषण होतं आणि दिवस सरतो. हीच तारीख का, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. आज ते सांगते. आणि त्याहून जास्त सांगायचं आहे ते भोपाळच्या बायांबद्दल. मोठं संकट आलं की सगळा देश चार दिवस हळहळतो, पाचव्या दिवसापासून ज्याचं त्याला निस्तरावं लागतं. भोपाळच्या बायांनी ते एकत्र बसून निस्तरलं, एक-दोन नाही, कितीतरी वर्षं. कसं, ते आपल्यासारख्या गटातल्या बायांना चटकन कळेल.

त्या रात्री काय झालं

मध्य प्रदेशातल्या भोपाळ शहरात युनियन कार्बाइड या कंपनीचा कारखाना होता. तिथे पिकांवर मारायचं ‘सेव्हिन’ नावाचं कीटकनाशक बनायचं. ते बनवायला मिथाइल आयसोसायनेट नावाचं अतिशय विषारी रसायन लागायचं. ६१० नंबरच्या एका टाकीत हे रसायन चाळीस टनांहून जास्त साठवलेलं होतं.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री त्या टाकीत पाणी शिरलं. कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं की तो कसा खदखदतो ते आपण पाहिलेलं आहे. इथेही पाणी पडताच टाकी तापत गेली, पण त्या चुन्यापेक्षा कितीतरी भयंकर. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिने आधीच बंद केलेली होती. सुटलेला वायू धुऊन काढायचं यंत्र आणि तो जाळून टाकायचा उंच मनोरा, दोन्ही ऐन वेळी कामाला आले नाहीत. वायू बाहेर पडला.

हा वायू हवेपेक्षा जड असतो. तो वर गेला नाही, जमिनीलगत पसरत गेला. कारखान्याला लागून गरिबांच्या वस्त्या होत्या : जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, छोला. जवळच रेल्वे स्टेशन. मिरच्या जळल्यावर ठसका लागतो तशी खोकत, डोळे चोळत माणसं उठली आणि अंधारात वाट फुटेल तिकडे पळाली. वायू कुठला, पळायचं कुठे, काही ठाऊक नव्हतं. पळताना दम लागतो, दम लागला की जास्त वायू छातीत जातो. ओलं फडकं नाकातोंडावर धरा आणि वारा वाहतो त्या दिशेला पळू नका, एवढं जरी कुणी आधी सांगून ठेवलं असतं तरी पुष्कळांचा जीव वाचला असता.

पाच लाखांहून जास्त लोकांना त्या वायूची बाधा झाली. मेले किती? सरकारने सुरुवातीला २,२५९ सांगितले. पुढे नुकसानभरपाईच्या हिशोबात मृतांचा आकडा पाच हजारांवर गेला. पीडितांच्या संघटना म्हणतात, पुढच्या वर्षांत आजारांनी गेलेले धरले तर वीस हजारांच्या वर. आकड्यांत एवढी तफावत का पडली, ते समजून घेऊ.

कागद नाही म्हणजे माणूस नाही

पहिल्या दिवसांत कितीतरी प्रेतं एकत्र पुरली, एकत्र जाळली. त्यांची नोंद कुठे व्हायची? जे वाचले ते सैरावैरा गावोगाव निघून गेले. मग भरपाईची वेळ आली तेव्हा विचारणा झाली : दवाखान्याचा कागद दाखवा, त्या रात्री तुम्ही त्याच वस्तीत होता याचा पुरावा दाखवा. मोलमजुरी करणाऱ्या, विड्या वळणाऱ्या बाईने हे कुठून आणायचं?

फेब्रुवारी १९८९ मध्ये सरकार आणि कंपनी यांच्यात सर्वोच्च न्यायालयात तडजोड झाली. ४७ कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाचे साधारण ७१५ कोटी रुपये. ज्यांचं घर उजाड झालं त्यांना कुणी विचारलं नाही. बहुतेक आजारी माणसांच्या हातात २५ हजार रुपये पडले, आणि २००४ नंतर तेवढेच आणखी. दोन्ही मिळून ५० हजार धरा आणि चाळीस वर्षांवर वाटा. दिवसाला साडेतीन रुपयेसुद्धा येत नाहीत. यात छातीचं औषधही होत नाही.

शनिवारची बैठक

आता मूळ गोष्टीकडे येते. भोपाळमध्ये ‘भोपाल गॅस पीडित महिला उद्योग संघटन’ नावाची संघटना उभी राहिली. तिचे पुढारी अब्दुल जब्बार. त्यांचे स्वतःचे आईवडील आणि भाऊ या दुर्घटनेने हिरावले, त्यांची छाती आणि डोळेही अधू झाले. पण संघटनेचं बळ होतं ते बायांचं. दर शनिवारी शहरातल्या यादगार-ए-शाहजहानी बागेत बाया जमायच्या. बुरख्यातल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या, हिंदू आणि मुसलमान शेजारी शेजारी. सतरंजीवर बसायचं, कुणाच्या दाव्याचं काय झालं ते सांगायचं, दवाखान्यात औषध मिळालं का ते विचारायचं, कागद एकमेकींना दाखवायचे, पुढच्या आठवड्याचं ठरवायचं. असं वर्षानुवर्षं.

मैत्रिणींनो, आपल्या पंचसूत्रीत पहिलं काय आहे? नियमित बैठक. आणि शेवटचं? नियमित नोंदी. भोपाळच्या बायांनी हीच दोन सूत्रं धरली होती. त्यांची एक घोषणा होती, ‘खैरात नहीं, रोजगार चाहिए’. आम्हाला भीक नको, काम द्या. म्हणून संघटनेने शिवणकाम आणि इतर कामं शिकवायला केंद्र काढलं.

या बैठकांमधून आणि इतर संघटनांच्या धडपडीतून काय निघालं तेही सांगते. १९९० साली न्यायालयाने पीडितांना महिना २०० रुपये अंतरिम मदत द्यायला लावली. १९८९ च्या तडजोडीत कंपनीवरचे फौजदारी खटले पुसून टाकले होते, ते १९९१ मध्ये न्यायालयाने पुन्हा उभे केले. आणि २००४ मध्ये कारखान्याभोवतीच्या वस्त्यांना नळाचं चांगलं पाणी द्या, असा आदेश झाला. कारण तिथल्या हातपंपांच्या पाण्यात कारखान्याच्या आवारातल्या कचऱ्याचं विष उतरलं होतं. यातलं काहीही आपोआप झालेलं नाही. विसरून गेलेल्यांना दर आठवड्याला आठवण करून देणारं कुणीतरी होतं.

हार झालीच नाही असंही नाही. २०१० साली आरोपींना शिक्षा झाली ती अवघी दोन वर्षांची, आणि त्यांना लगेच जामीनही मिळाला. २०२३ मध्ये जादा भरपाईची मागणी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. कारखान्यात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा भोपाळबाहेर निघाला तो २०२५ च्या जानेवारीत, चाळीस वर्षांनी.

दोन मैत्रिणी

रशीदाबी आणि चंपादेवी शुक्ला यांची गोष्ट आपल्या प्रत्येक गटात सांगावी अशी आहे. रशीदाबी लहानपणापासून विड्या वळायच्या. दुर्घटनेनंतर पुरुष आजारी पडले, घर बायांवर आलं. सरकारने काही बायांना वह्या-फायली बनवायचं काम शिकवलं, तिथे या दोघींची ओळख झाली. एक मुसलमान, एक हिंदू. मजुरी अगदी तुटपुंजी होती म्हणून त्यांनी बायांची युनियन बांधली, आणि १९८९ साली शंभरेक जणी मुलाबाळांसह भोपाळहून दिल्लीपर्यंत पायी गेल्या. साडेसातशे किलोमीटर, आजारी छातीने.

२००४ मध्ये दोघींना गोल्डमन हा पर्यावरणाचा जागतिक पुरस्कार मिळाला. ती रक्कम त्यांनी घरी नेली नाही. त्यातून ‘चिंगारी’ ट्रस्ट उभा केला. दुर्घटनेच्या झळीमुळे व्यंग घेऊन जन्मलेल्या मुलांना तिथे उपचार मिळतात. त्या रात्रीनंतर जन्मलेलं पोर चालायला शिकतं, बोलायला शिकतं, याला मी आठवण जपणं म्हणते.

आठवणीच्या जागा

कारखान्यासमोर एका आईचा पुतळा आहे. कडेवर मूल, एक हात चेहऱ्यावर. नेदरलँडच्या रुथ वॉटरमन या शिल्पकार बाईने तो घडवला. दर २ डिसेंबरच्या संध्याकाळी लोक हातात मशाली, मेणबत्त्या घेऊन निघतात. २०१४ साली पीडितांनी स्वतःचं एक संग्रहालयही उघडलं, ना सरकारचा पैसा, ना कंपनीचा. तिथे घरोघरचे कपडे, फोटो मांडले, आणि त्या रात्रीतून वाचलेल्यांचे आवाज ऐकायची सोय केली. लिहिता न येणाऱ्या बाईची साक्षसुद्धा त्यामुळे राहिली.

अब्दुल जब्बार १४ नोव्हेंबर २०१९ ला वारले. त्या रात्री तरुण असलेल्या बाया आता आजी झाल्या, कित्येक गेल्या. जिने पाहिलं ती गेली की पुढच्या पिढीला कोण सांगणार, हा आज तिथला मोठा प्रश्न आहे.

आपल्या गटात काय करता येईल

तुम्ही म्हणाल, भोपाळ लांब आहे. पण तिथे बनायचं ते पिकांवरचं औषध होतं, आणि तसले डबे आज आपल्या घरात ज्वारीच्या पोत्याशेजारी असतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यांची नावं त्यांच्या घराबाहेर आज किती जणांना आठवतात?

म्हणून गटाच्या किंवा ग्रामसंघाच्या कपाटात आणखी एक वही ठेवू या. गावात विषबाधा, पूर, वीज पडणं, कारखान्यातला अपघात, काहीही झालं तर त्यात लिहायचं : कोण, वय काय, कोणत्या दिवशी, काय झालं, कुणी पाहिलं, कोणत्या दवाखान्यात नेलं.

सोबत हे लक्षात ठेवा. विषबाधा झालेल्या माणसाला नेताना औषधाचा डबा किंवा त्याची चिठ्ठी सोबत न्या, डॉक्टरांना उपचार ठरवायला ती लागते. १०८ ला फोन करा. दवाखान्याचा केसपेपर फेकू नका, त्याची झेरॉक्स वहीत लावा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करून घ्या. शेतकरी कुटुंबातल्या माणसाचा कीटकनाशक हाताळताना विषबाधेने मृत्यू झाला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेत दोन लाखांची मदत आहे. कृषी सहायकाकडे लगेच चौकशी करा, मुदत टळू देऊ नका. दुःखाच्या घरात त्या बाईला हे सुचत नाही. गटाला सुचलं पाहिजे.

जवळ औद्योगिक वसाहत असेल तर ग्रामसभेत विचारा, इथे कोणती रसायनं साठवतात, आणि गळती झाली तर गावाला कसं कळवणार. भोपाळच्या वस्तीला हे विचारायची संधीच मिळाली नाही, आपल्याला ती आहे.

आणि येत्या डिसेंबरच्या बैठकीत दोन मिनिटं उभं राहून भोपाळची आठवण काढू. मग खाली बसून आपली वही उघडू, त्यातली नावं मोठ्यांदा वाचू, आणि कुणाचं काम कुठे अडलंय ते एकमेकींना विचारू. एवढं केलं तरी पुष्कळ.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.