मंदगतींत बंद पडणारी मालमोटार

अहिल्यानगराहून सोलापुराकडे जातांना कर्जत तालुक्यांतील मिरजगांव लागतें. त्या रस्त्यावरील एखादी भरलेली मालमोटार डोळ्यांपुढें आणा. मोकळ्या रस्त्यावर ती उत्तम धांवते. परंतु गांव आलें, चालकानें ॲक्सिलरेटरवरील पाय काढला, कीं इंजिन थरथरतें आणि बंद पडतें. हा दोष क्षुल्लक नव्हे. इंजिन थांबलें कीं स्टिअरिंग जड होतें, व ब्रेकला हवा पुरविणारा कॉम्प्रेसरही थांबतो. उतारावर याचा परिणाम काय होईल, तें सांगावयास नको.

डिझेल इंजिनांत ठिणगी पाडणारा प्लग नसतो. दट्ट्या हवा दाबतो, दाबानें ती तापते, आणि तींत फवारलेलें डिझेल आपोआप पेटतें. मंदगतींत हा फवारा अत्यल्प असतो. म्हणून वेगांत खपून जाणारी उणीव येथें उघडी पडते.

प्रथम फिल्टरखालीं सांचलेलें पाणी काढावें. फिल्टर तुंबला असेल, तर गाडी बहुधा चढावर दम सोडते. उलट, ओझें नीट ओढणारी गाडी मंदगतींत अडखळत असेल व सकाळीं लवकर सुरू होत नसेल, तर इंजिनानें ‘एअर’ घेतली असा संशय धरावा. टाकीकडून पंपाकडे जाणारी नळी डिझेल शोषून घेते. तिला चीर पडली तर बहुधा डिझेल बाहेर न गळतां हवाच आंत शिरते. म्हणून वरून कोरडी दिसणारी नळी निर्दोष समजूं नये. मध्यें पारदर्शक नळीचा तुकडा जोडल्यास बुडबुडे दिसतात. मग सांधे आवळून हातपंपानें हवा काढावी.

एवढ्यानेंही भागलें नाहीं, तर जुन्या इंजिनांत कारागीर एकेका इंजेक्टरची नळी सैल करून पाहतो. ज्या वेळीं आवाज बदलत नाहीं, तो सिलिंडर आळशी ठरतो. कॉमन-रेल इंजिनांत मात्र हा प्रयोग कदापि करूं नये. तेथील दाब एक हजार बारच्याही वर जाऊं शकतो, व डिझेलची बारीक धार कातडी भेदून आंत शिरते. १ एप्रिल २०२० पासून बी. एस.-६ मर्यादा लागू झाली; त्यानंतरच्या मालमोटारींत बहुधा हीच पद्धति असल्यानें तेथें स्कॅनरच वापरावा.

मंदगतीचा स्क्रू पिळून वेग वाढविणें हा सोपा उपाय अनेकांस सुचतो. त्यानें गाडी कांहीं दिवस चालते. परंतु चीर तशीच राहते, आणि पुढल्या घाटांत इंजिन पुन्हा दगा देतें.