हातोडा उचलण्याआधी

दिवाळी उरकली की डोंबिवली, चिंचवड, नाशिक रोड अशा ठिकाणच्या ३०-४० वर्षं जुन्या इमारतींत छिन्नी-हातोड्याचा आवाज सुरू होतो. कुणाच्या तरी बाथरूमच्या टाइल्स निघत असतात. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांतून राडारोडा जिन्याने खाली येतो, खालच्या मजल्यावरचं कुटुंब आपल्या छताकडे काळजीने बघू लागतं, आणि आठवड्याभरात घरमालकाच्या लक्षात येतं की ठरवलेले पैसे नवीन वस्तू येण्याआधीच संपत आले आहेत.

याचं कारण टाइलच्या किमतीत नाही. गुजरातमधल्या मोरबीहून येणाऱ्या टाइल्स आज कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळतात, त्यातही शेवटचे उरलेले लॉट बरेच स्वस्त पडतात. महाग असतं ते फोडणं. जुनी टाइल कधी एकटी निघत नाही. तिच्यामागे गिलावा निघतो, जमिनीची असेल तर खालचा वॉटरप्रूफिंगचा थर दुखावतो. अशा इमारतींत बाथरूमचा स्लॅब बहुधा बाकीच्या घरापेक्षा खाली घेतलेला असतो आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरलेला असतो. त्या थराला एकदा धक्का लागला की कोबा, नळ, उतार, फरशी असं सगळंच नव्याने करावं लागतं. म्हणून कमी खर्चात स्वयंपाकघर किंवा बाथरूम नवं करायचं असेल, तर काय आणायचं याच्या आधी काय फोडायचं नाही हे ठरवायला हवं.

त्यासाठी एक रुपयाचं नाणं पुरतं. भिंतीवरची आणि जमिनीवरची प्रत्येक टाइल नाण्याने वाजवून बघायची. भरीव आवाज आला तर टाइल घट्ट आहे, पोकळ आला तर ती सुटलेली आहे. दुसरी परीक्षा पाइपांची. भिंतीतले पाइप जुने जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे असतील, सकाळी पहिलं पाणी तांबूस येत असेल, धार वर्षागणिक बारीक होत असेल, तर ते आतून गंजले आहेत. तिथे मात्र हातोड्याला पर्याय नाही. सडलेल्या पाइपावर नवी टाइल लावणं हा सगळ्यात मोठा वायफळ खर्च आहे. पाइप बदलायचेच असतील तर गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी वापरावेत. साधा पीव्हीसी गिझरच्या पाण्याने नरम पडतो.

पाइप ठीक आणि टाइल घट्ट असेल, तर निम्मी लढाई जिंकली. बाथरूम जुनाट दिसतं ते अनेकदा टाइलमुळे नाही, सांध्यांमुळे. व्हाइट सिमेंटने भरलेले सांधे पाणी शोषतात, काळे पडतात, मग त्यावर ॲसिड ओतलं जातं. ॲसिड सिमेंटलाच खातं. सांधे आणखी उघडे पडतात, पाणी आणखी मुरतं, आणि एक दिवस खालच्या घरात ओल दिसते. हे सांधे खरवडून दोन-तीन मिलिमीटर खोल मोकळे करायचे, पूर्ण वाळू द्यायचे आणि इपॉक्सी ग्राउटने भरायचे. इपॉक्सी पाणी पीत नाही आणि सहसा काळं पडत नाही. ते सिमेंटच्या ग्राउटपेक्षा बरंच महाग असतं, पण एका बाथरूमला लागतं किती? (ॲसिडच्या जोडीला ब्लीच कधीच वापरू नये. दोन्ही मिसळलं की क्लोरीन हा विषारी वायू सुटतो.)

टाइलचा रंगच नकोसा झाला असेल तर जुन्या टाइलवर नवी टाइल बसवता येते, मात्र साध्या सिमेंटने नाही. गुळगुळीत पृष्ठभागावर सिमेंट धरत नाही, त्यासाठी टाइल ॲडहेसिव्हच लागतं. भिंतीवर हे काम सोपं आहे. जमीन मात्र साधारण अर्धा इंच उचलली जाते, त्यामुळे दार घासेल का, उंबऱ्यावरून पाणी बाहेर येईल का, जाळी नव्या पातळीला येईल का, हे आधी मोजावं लागतं. उतार जाळीकडेच राहिला पाहिजे. पाणी कोपऱ्यात साचत असेल तर कितीही महागडी टाइल त्या बाथरूमला वाचवू शकत नाही.

देशभरातले प्लंबर या जाळीखालच्या भांड्याला ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात, आपल्या न्हाणीशी नातं सांगणारा शब्द. त्यात साठून राहणारं पाणी गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. घर महिनाभर बंद राहिलं की ते आटतं आणि वास येऊ लागतो. अनेक जण तेवढ्यावरून ड्रेनेज बदलायला निघतात. आधी तांब्याभर पाणी ओतून बघावं.

जुन्या चाळींच्या खोल्यांतली मोरीसुद्धा आज आठवावी अशी आहे. मुंबईतल्या बीडीडी चाळींच्या सुमारे १६० चौरस फुटांच्या खोलीत कोपऱ्यातली मोरी अंघोळीला, भांड्यांना, कपड्यांना पुरायची, आणि बुटका कठडा सगळं पाणी आत ठेवायचा. आज बाथरूमचा ओला आणि कोरडा भाग वेगळा करायला काचेचं पार्टिशन सुचवलं जातं. ग्रॅनाइटची तीन-चार इंची पट्टी उभी बसवून तो कठडा केला आणि वर दांडीला पडदा लावला, तरी कमोडकडची जागा कोरडी राहते. घरात म्हातारी माणसं असतील तर कोरडी जमीन ही शोभेची गोष्ट राहत नाही. खडबडीत फरशी, भिंतीत पक्की बसवलेली स्टीलची दांडी आणि भारतीय बैठकीच्या संडासावर ठेवायची कमोड खुर्ची, एवढ्याने बांधकाम न करता घसरण्याचं भय बरंच कमी होतं.

नळाचं गणित तर अगदीच सोपं आहे. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला ८६,४०० थेंब वाया घालवतो, आणि जुन्या आट्याच्या नळात दोष बहुतेक वेळा काही रुपयांच्या वायसरचा असतो. भांड्यांच्या सिंकवर एरेटर बसवला की धारेत हवा मिसळते, पाणी कमी लागतं, शिंतोडे उडत नाहीत. बादली भरायच्या नळाला त्याचा उपयोग नाही. बादलीला पाणी तेवढंच लागणार, फक्त वेळ जास्त. फ्लशची टाकी आतून झिरपते का हे पाहायला टाकीत खाण्याचा रंग टाकावा आणि अर्धा तास फ्लश करू नये. रंग भांड्यात उतरला तर आतला रबर बदलायचा, टाकी नाही.

स्वयंपाकघरात सगळ्यात मोठी नासाडी होते ती कडप्प्याची. जुन्या ओट्याखाली कडप्प्याच्या उभ्या-आडव्या फळ्यांचे कप्पे असतात. ते फोडून प्लायवूडची किंवा पार्टिकल बोर्डची कपाटं करायची पद्धत पडली आहे. कडप्प्याला वाळवी लागत नाही, सिंक गळलं तरी तो फुगत नाही. पार्टिकल बोर्ड पहिल्याच गळतीत फुगतो. कप्पे तसेच ठेवून पुढे ॲल्युमिनियमच्या चौकटीतले शटर लावले, एक-दोन कप्प्यांत स्टीलच्या ट्रॉल्या बसवल्या, तर बाहेरून ते स्वयंपाकघर मॉड्युलरच दिसतं. लाकूड लागलंच तर सिंकच्या आसपास आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय घ्यावं. ट्रॉलीचं स्टील ३०४ आहे की २०२ हे बिलावर लिहून घ्यावं. २०२ लवकर गंजतं, आणि लोहचुंबक लावून या दोघांतला फरक कळत नाही.

ओट्याचा वरचा दगड मात्र ग्रॅनाइटचा असलेला बरा. कडप्पा आणि संगमरवर दोन्हींत चुना आहे, त्यामुळे लिंबू, चिंच, आमसूल सांडलं की डाग उमटतो. आपल्या स्वयंपाकात आंबट रोजचंच. जुन्या कडप्प्यावर ग्रॅनाइट चिकटवता येतो, तो फोडावा लागत नाही. त्यात आणखी एक फायदा आहे. जुने ओटे पुष्कळदा बुटके असतात आणि कणीक मळताना पाठ वाकते. ओटा कोपराच्या चार ते सहा इंच खाली असावा. रोज स्वयंपाक करणाऱ्या माणसाला समोर उभं करून ही उंची मोजायची, गवंड्याच्या सवयीने ठरवायची नाही.

उजेडाकडे तर कुणाचं लक्षच जात नाही. छताची ट्यूब पाठीमागे असते, म्हणजे भाजी चिरणाऱ्याची सावली नेमकी विळीवर पडते. वरच्या फळीखाली एक एलईडी पट्टी लावली की ओटा उजळतो. हजाराच्या आतल्या या कामाने स्वयंपाकघर जितकं बदलतं तितकं महागड्या शटरनेही बदलत नाही.

दोन ठिकाणी मात्र काटकसर करू नये. गिझरला स्वतंत्र वायर, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, आणि गॅस गिझर बंद बाथरूममध्ये मुळीच नको. त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि अंघोळीला गेलेलं माणूस बेशुद्ध पडतं. सिलिंडर कपाटात ठेवायचा असेल तर दाराला तळाशी भोकं ठेवावीत, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. गॅसची नारिंगी सुरक्षा नळीही दर पाच वर्षांनी बदलायची असते.

काम सुरू करण्याआधी सोसायटीला पत्र द्यावं. बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते, घरातल्या बाथरूम-सिंकची सदस्याने, आणि हा फरक आधीच बोलून घेतला की पुढची भांडणं टळतात. जमीन फोडावीच लागली असेल तर नवी फरशी बसवण्याआधी जाळी बंद करून बाथरूममध्ये दोन-तीन इंच पाणी ४८ तास भरून ठेवावं. दुसऱ्या दिवशी खालच्या घरी जाऊन छत बघावं, हात लावून. भिंतीतले पाइप झाकण्याआधी मोबाइलवर त्यांचा फोटो काढून ठेवावा, आणि उरलेल्या सात-आठ टाइल्स माळ्यावर टाकाव्यात.