विश्लेषण : टाइल कापताना कड का तुटते, धूळ किती घातक? ग्राइंडर वापरण्याची योग्य पद्धत कोणती?

सोसायटीत कुणाकडे तरी बाथरूमचे काम निघाले, की जिन्यात पांढरी धूळ आणि दिवसभर कानठळ्या बसवणारा आवाज ठरलेला. गॅलरीत उकिडवा बसलेला मिस्त्री, पायाखाली दाबून धरलेली टाइल, तोंडाला गमछा, डोळ्यांवर काही नाही आणि पायात चप्पल, हे चित्र आपल्या इतके सवयीचे झाले आहे की त्यात काही चुकीचे वाटेनासे झाले आहे. आता दोन-अडीच हजारांत ऑनलाइन ग्राइंडर मिळतो, त्यामुळे किरकोळ काम घरच्या घरी उरकणारेही आहेत. टाइल स्वच्छ कापणे आणि सुरक्षित कापणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा समज असतो. प्रत्यक्षात जी पद्धत टाइलची कड वाचवते, तीच बहुतेक वेळा बोटेही वाचवते. ती कशी, हे जाणून घेऊ.

ग्राइंडरचा धोका नेमका कशात?

चार इंची ग्राइंडर रिकामा फिरताना मिनिटाला साधारण 11 हजार फेरे घेतो. 100 मिलिमीटर व्यासाच्या चकतीचा परीघ सुमारे 31 सेंटिमीटर. गुणाकार केला, तर चकतीची कड ताशी 200 किलोमीटरहून अधिक वेगाने धावते. या वेगात चकतीचा तुकडा उडाला, तर डोळे मिटायलाही वेळ मिळत नाही. म्हणून गार्ड महत्त्वाचा. मोठी चकती बसावी म्हणून किंवा रेघ नीट दिसावी म्हणून तो काढून ठेवणे, ही सर्वांत महागात पडणारी सवय आहे.

दुसरा धोका झटक्याचा. चकती कापात वाकडी झाली किंवा टाइलच्या दोन भागांत आवळली गेली, की तिची सगळी ताकद यंत्रावर उलटते आणि ग्राइंडर उसळतो. त्यामुळे बाजूचा दांडा लावून तो दोन्ही हातांनी धरावा आणि चकतीच्या सरळ रेषेत उभे न राहता थोडे बाजूला राहावे. टाइल पायाने दाबणे म्हणजे झटक्याच्या वाटेत पाय ठेवणे. ती फळीवर क्लॅम्पने आवळावी.

चकती कोणती हवी?

टाइलसाठी डायमंड चकतीच लागते. तिला करवतीसारखे दाते नसतात. कडेवर बसवलेले हिऱ्याचे बारीक कण टाइल घासत जातात. खाचा असलेली चकती काँक्रीट आणि दगडासाठी ठीक, पण टाइलची कड ती ओरबाडते. टाइलसाठी अखंड कडेची चकती घ्यावी. लोखंड कापायची चकती टाइलला वापरू नये आणि लाकडाची दातेरी चकती तर ग्राइंडरला कधीच लावू नये.

चकतीवर छापलेला कमाल वेग यंत्राच्या वेगापेक्षा जास्त हवा आणि तिच्यावरचा बाण यंत्राच्या फिरण्याच्या दिशेला जुळायला हवा. चकती बदलताना प्लग काढलेला असावा. बरेच दिवस वापरून चकती कापेनाशी झाली, तर जोर लावू नये. साध्या विटेत चार-पाच काप घेतले, की वरचा थर झिजून नवे कण उघडे पडतात आणि चकती पुन्हा चालू लागते.

कड का तुटते?

टाइलच्या वरचा चकचकीत थर पातळ, कडक आणि ठिसूळ असतो. चकती थरथरली, खालून आधार कमी पडला किंवा एकाच दमात आरपार कापायला गेले, की तो थर कपच्यांनी निघतो. व्हिट्रिफाइड टाइल तर पाणी जवळपास शोषतच नाही, इतकी घट्ट भाजलेली असते. तिथे घाई केली, की चकती तापते आणि टाइलला तडा जातो. म्हणजे कारणे तीन : थरथर, दाब आणि उष्णता. पुढची सगळी पद्धत या तिघांना आवर घालण्यासाठी आहे.

सरळ काप कसा घ्यावा?

टाइलची चकचकीत बाजू वर ठेवावी. कापायच्या जागी मास्किंग टेप चिकटवून त्यावर रेघ मारावी. टेपमुळे कपच्या कमी उडतात आणि रेघही नीट दिसते. टाइल पूर्णपणे सपाट फळीवर असावी, कापलेला तुकडा मात्र मोकळा सुटेल अशी जागा ठेवावी.

यंत्र पूर्ण वेगात आल्यावरच चकती टाइलला टेकवावी. पहिल्या फेरीत फक्त दोन-तीन मिलिमीटर खोल खाच पाडावी. पुढच्या फेऱ्यांना हीच खाच वाट दाखवते. मग थोडे थोडे खोल जात दोन-तीन फेऱ्यांत आरपार कापावे. जोर न लावता यंत्राच्या वजनावर काम होऊ द्यावे आणि मधूनमधून चकती बाहेर काढून काही सेकंद रिकामी फिरवावी, म्हणजे ती थंड होते. शेवटचा कोपरा हमखास तुटतो. म्हणून शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर उरले, की टाइल फिरवून दुसऱ्या टोकाकडून काप आणून जुळवावा. उरलेली धार डायमंड पॅडने हलकी घासली, की कड हाताला लागत नाही.

नळाचे भोक आणि ‘एल’ आकाराचे काय?

दाराच्या चौकटीजवळ टाइल ‘एल’ आकारात कापावी लागते. दोन काप जिथे मिळतात, त्या आतल्या कोपऱ्यातूनच तडा सुरू होतो. आधी तिथे सहा-आठ मिलिमीटरचे भोक पाडावे आणि काप त्या भोकापर्यंतच आणावेत. गोल कोपऱ्यावर ताण एका जागी साचत नाही. नळाच्या भोकासाठी ग्राइंडरने गोल फिरवण्याचा हट्ट नको. सरळ चालणारी चकती वळवली, की ती अडकते आणि झटका बसतो. डायमंड होल सॉ हे त्यासाठीचे योग्य साधन. ते थोडे तिरके टेकवून सुरुवात करावी, खाच पडली की सरळ करावे.

धूळ किती घातक?

दिसते ती धूळ त्रासदायक, न दिसणारी जास्त घातक. टाइल, ग्रॅनाइट आणि क्वार्ट्झमध्ये स्फटिकरूप सिलिका असते. तिचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जाऊन तिथेच राहतात आणि वर्षानुवर्षांनी सिलिकोसिस होतो. फुप्फुसावर पडलेले हे व्रण बरे करणारा उपचार नाही. शिवाय क्षयरोगाचा धोका वाढतो. ही धूळ कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1997 मध्येच जाहीर केले. स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम दगडावर ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून बंदी घातली, ती याच कारणाने.

गमछा किंवा कापडी मास्क हे कण अडवत नाही. उलट गमछ्याचे टोक चकतीत अडकू शकते. एन 95 किंवा एफएफपी 2 दर्जाचा मास्क चेहऱ्याला घट्ट बसेल असा लावावा. दाढी असेल, तर कडेने हवा शिरते. डोळ्यांना बाजूने बंद असलेला गॉगल हवा, नंबरचा चष्मा पुरत नाही. कानाला इअरप्लग हवेत. काम संपल्यावर कोरडा झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसावे.

पाणी मारले की प्रश्न सुटतो?

धूळ बसते आणि चकती थंड राहते, हे खरे. पण एकाने ग्राइंडर धरायचा आणि दुसऱ्याने झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीतून पाणी सोडायचे, ही पद्धत दोघांनाही घातक आहे. साधा ग्राइंडर ओल्या कामासाठी बनवलेला नसतो आणि पाणी मोटरमध्ये शिरले, तर शॉक बसू शकतो. पाण्याची नळी जोडता येणारे मार्बल कटर मिळतात, ते वापरावेत. वीजपुरवठा 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमधून घ्यावा आणि एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवू नये.

ग्राइंडर टाळता येतो का?

बऱ्याचदा येतो. सरळ कापासाठी हाताने चालणारा टाइल कटर पुरतो. त्याचे चाक रेघ पाडते आणि दाब दिला की टाइल त्या रेघेवर मोडते. वीज नाही, आवाज नाही, धूळ जवळपास नाही. ग्राइंडर फक्त खाचा, कोपरे आणि तिरक्या कापांसाठी ठेवावा.

मिस्त्रीला काम देताना आपण दर, टाइलचा रंग, जोडाची रेघ सगळे ठरवतो. त्याच यादीत मास्क, गॉगल, गार्ड आणि कापण्यासाठी मोकळी जागा याही गोष्टी घालता येतील. मास्क आणि गॉगलचा खर्च बहुधा एका चांगल्या टाइलपेक्षा जास्त नसतो. आपल्या घरातले काम चार दिवसांत संपते. मिस्त्री मात्र पाचव्या दिवशी दुसऱ्या घरात तीच धूळ घेत असतो.